कल चाचणीच्या उत्तरांतून मनाचे आजार शोधू नयेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्यातील मुख्याध्यापकांच्या अलीकडच्या सहविचार सभेत एक सूचना पुढे आली आणि तिला फारसा विरोध झाला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून करिअर मार्गदर्शनासाठी आपण आवडीनिवडीच्या ज्या प्रश्नावल्या भरून घेतो, त्यांचीच उत्तरे पुन्हा एकदा चाळावीत आणि ज्या विद्यार्थ्याने जवळजवळ सगळ्याच कामांपुढे ‘आवडत नाही’ अशी खूण केली असेल, त्याला नैराश्याचा धोका आहे असे समजून त्याचे नाव वेगळ्या यादीत घ्यावे, अशी ती सूचना. मानसिक आरोग्याच्या स्वतंत्र तपासणीसाठी ना माणसे आहेत ना पैसा, प्रश्नावली मात्र हाती आहेच, असा त्यामागचा विचार होता. सूचना मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. यवतमाळ जिल्ह्यात शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हा प्रश्न परका नाही. कर्जापायी बाप गमावलेले मूल आमच्या वर्गात बसलेले असते आणि त्याच्याशी काय बोलावे हे आम्हाला कुणी शिकवलेले नसते. तरीही ही सूचना अमलात येऊ नये असे माझे ठाम मत आहे, आणि त्याची कारणे सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

या विचारात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. कशातच रस न वाटणे, पूर्वी ज्यात आनंद मिळत होता त्यात तो न मिळणे, हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक मानले जाते; दुसरे म्हणजे सततची उदासी. व्यवसायांच्या आवडीनिवडी मोजण्याची परंपराही बरीच जुनी आहे. अमेरिकेत एडवर्ड स्ट्राँग यांनी १९२७ मध्ये अशी प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि १९५९ मध्ये जॉन हॉलंड यांनी माणसाची व्यवसायाची निवड ही त्याच्या व्यक्तिमत्त्वाचीच अभिव्यक्ती असते असा सिद्धान्त मांडला. त्यांनी सांगितलेले सहा प्रकार आजही जगभर वापरले जातात. हॉलंड यांच्या प्रश्नावल्यांवर पुढे जे अभ्यास झाले, त्यांत एखाद्या व्यक्तीने दिलेल्या एकूण होकारांच्या संख्येचा तिच्या स्वभावाशी काही संबंध असल्याचे आढळले. जास्त होकार देणारी माणसे अधिक बहिर्मुख आणि नव्या अनुभवांना उत्सुक असतात, तर उदास वृत्तीची माणसे तुलनेने कमी होकार देतात, असा तो संबंध. सभेतील सूचनेचे मूळ बहुधा अशाच एखाद्या वाचनात असावे.

परंतु याच निष्कर्षाची दुसरी बाजू लक्षात घेतली पाहिजे. कमी होकार देणारे मूल उदास असू शकते, तसेच ते केवळ अबोल असू शकते, चोखंदळ असू शकते, किंवा त्याची एकाच गोष्टीवर इतकी पक्की श्रद्धा असू शकते की बाकी सर्व पर्याय त्याला निरर्थक वाटतात. आमच्या गावांत पहाटे डांबरी रस्त्यावर धावण्याचा सराव करणारी मुले पाहा. त्यांच्यापुढे प्रश्नावली ठेवली तर ती पोलीस आणि सैन्य भरतीशी संबंधित चार-दोन कामांपुढे होकाराची खूण करतील आणि उरलेल्या सगळ्यांपुढे नकाराची. सूचनेतील निकष लावला तर यादीत पहिली नावे त्यांची येतील, आणि वर्गात सर्वांत स्पष्ट ध्येय असलेली मुले बहुधा तीच असतील.

याहून मूलभूत फरक काळाचा आहे. आवडीनिवडीची प्रश्नावली दीर्घकाळ टिकणारा कल मोजते; एखाद्याला यंत्र दुरुस्त करायला आवडेल की रुग्णाची शुश्रूषा करायला, हे ती विचारते. नैराश्याच्या प्राथमिक तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मात्र गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते: झोप कशी होती, भूक कशी होती, थकवा किती दिवस होता, लक्ष लागत होते का, आपण कुचकामी आहोत असे वाटले का, मरून जावेसे वाटले का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७, आणि दहा किंवा त्याहून अधिक गुण आल्यास पुढील तपासणी हवी असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे गुणसुद्धा म्हणजे निदान नव्हे. आजाराची खूण बदलात असते. मागच्या वर्षी कबड्डीच्या संघात असलेला मुलगा दिवाळीनंतर मैदानाकडे फिरकेनासा झाला, तर काळजी करायला हवी. हा बदल वर्षातून एकदा भरून घेतलेल्या करिअरच्या प्रश्नावलीत दिसणे शक्य नाही, कारण तो मुलगा त्या प्रश्नावलीत पूर्वीइतक्याच होकारांच्या खुणा करू शकतो.

आता आपल्या भागाचा विचार करू. राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून काही वर्षे कल चाचणी घेण्यात आली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी विद्यार्थ्याचा कल कुठे आहे हे तीत पाहिले जात होते. आजही शाळा आपापल्या परीने तशाच प्रश्नावल्या वापरतात. अशा प्रश्नावल्यांतील बरीच कामे आमच्या विद्यार्थ्यांनी कधी पाहिलेलीच नसतात. ज्याच्या गावात दिवसातून दोनदा एसटी येते, त्याला अंतर्गत सजावट किंवा प्रयोगशाळेतील संशोधन आवडेल का असे विचारल्यावर तो नकाराची खूण करतो, आणि त्या नकाराचा अर्थ फक्त ‘मला हे ठाऊक नाही’ एवढाच असतो. शेतीच्या प्रश्नांपुढील नकाराला तर आणखी वेगळे कारण आहे. कापसाला आणि सोयाबीनला मिळालेला भाव, बोंडअळी, अवकाळी पाऊस आणि सावकाराचा उंबरठा हे सर्व ज्याने घरात बसून पाहिले आहे, त्याने शेती नको म्हणणे हा विचारपूर्वक काढलेला निष्कर्ष आहे. त्याला आजाराचे लक्षण ठरवणे हा त्या मुलाच्या समजुतीचा अपमान ठरेल.

मुलींच्या बाबतीत हा घोटाळा अधिक गंभीर होतो. बारावीनंतर शिकायचे तर तालुक्याला किंवा जिल्ह्याला राहावे लागेल, वसतिगृहाला घरून परवानगी मिळणार नाही आणि स्थळे पाहणे सुरू होईल, हे दहावीतल्या अनेक मुलींना पक्के माहीत असते. अशा मुलीला आपण विचारतो की तुला काय आवडेल, आणि ती उत्तर देते ते तिला काय करू दिले जाईल याचे. एका विद्यार्थिनीने पूर्ण पानावर नकाराच्या खुणा केल्या होत्या. कारण विचारल्यावर ती म्हणाली, ‘सर, आवडून का करू? घरचे पाठवतच नाईत तं.’ या उत्तरात दुःख आहे, आणि ते गांभीर्याने घेतले पाहिजे; पण त्यावरचा उपाय तिचे नाव मानसिक रुग्णांच्या यादीत घालणे हा नव्हे. तिच्या आईवडिलांशी बोलणे, वसतिगृहाची आणि शिष्यवृत्तीची माहिती देणे, एसटीच्या मोफत पासची चौकशी करून देणे हा आहे. प्रश्न घराच्या आणि गावाच्या परिस्थितीत असताना तो मुलीच्या मनात असल्याचे कागदावर नोंदवले की परिस्थिती बदलण्याची जबाबदारी सगळ्यांच्याच अंगावरून उतरते. मला या सूचनेतील सर्वांत मोठा धोका इथे दिसतो.

शिवाय या चाचण्या कोणत्या परिस्थितीत भरल्या जातात हेही सांगायला हवे. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू असते तेव्हा वर्ग निम्मे रिकामे असतात आणि जी मुले येतात त्यांतील काही सकाळी वावरातून थेट आलेली असतात. संगणक कक्षात वीज गेली तर उरलेले प्रश्न घाईघाईने, कधी शेजाऱ्याचे पाहून, कधी एकाच रकान्यात सरळ खुणा करून पूर्ण केले जातात. करिअरच्या गप्पा सुरू करण्यापुरती एवढी अचूकता कदाचित चालून जाईल. एखाद्या मुलाच्या मनाच्या अवस्थेबद्दल निष्कर्ष काढायला ती चालणार नाही.

थोडे गणितही मांडतो, कारण सभेत ‘दहा चुकीची नावे आली तरी एक खरे सापडेल, काय बिघडले?’ असा युक्तिवाद झाला. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी अंदाजासाठी तोच आकडा घेऊ. हजार विद्यार्थ्यांमागे ७३ जणांना आजार आहे. करिअरची प्रश्नावली आजारी मुलांपैकी सत्तर टक्के ओळखते आणि निरोगी मुलांपैकी सत्तर टक्क्यांना बरोबर बाजूला ठेवते, असे उदाहरणादाखल धरू. माझ्या मते ही धारणा तिच्याबाबत फारच उदार आहे. तरीसुद्धा यादीत ५१ खरी आणि २७८ चुकीची नावे येतील, आणि २२ आजारी मुले यादीबाहेर राहतील. म्हणजे यादीतल्या दर सहा नावांमागे एकही पुरते खरे निघत नाही, आणि ज्या २२ जणांना मदतीची गरज आहे त्यांच्याबाबत शिक्षक मात्र निर्धास्त होतात. चांगल्या, सिद्ध झालेल्या प्रश्नावल्यांनाही हा दोष काही प्रमाणात लागतो. म्हणून त्यांच्यानंतर प्रशिक्षित व्यक्तीने समोर बसून बोलण्याची दुसरी पायरी ठेवलेली असते. आमच्या सभेतील सूचनेत ती दुसरी पायरी कुठेच नव्हती.

‘काय बिघडले’ याचे उत्तर गावात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. शिक्षक कक्षातील यादी शिपायाच्या, तिथून पानटपरीच्या आणि तिथून सोयऱ्यांच्या कानावर जायला वेळ लागत नाही. ‘डोक्याची आहे’ हा शेरा एकदा बसला की तो मुलीच्या लग्नापर्यंत आणि मुलाच्या नोकरीपर्यंत पाठ सोडत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कलम २३ द्वारे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयी व उपचाराविषयी गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि मानसिक आजार आहे की नाही हे मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच ठरवले पाहिजे असेही त्या कायद्यात म्हटले आहे. ज्यांच्याबाबत आजार सिद्ध झाला आहे त्यांना कायदा एवढे संरक्षण देतो, तर ज्यांच्याबाबत फक्त तर्क केला आहे अशा अल्पवयीन मुलांची नावे शाळेच्या कपाटात उघडी ठेवणे कसे समर्थनीय ठरेल?

प्रश्न विश्वासाचाही आहे. मुलांना आपण सांगतो की ही चाचणी तुमच्या पुढच्या शिक्षणासाठी आहे, यात बरोबर-चूक काही नाही, मनापासून उत्तरे द्या. त्याच उत्तरांतून त्यांना न सांगता आजार शोधणे ही फसवणूक आहे आणि पालकांची संमती न घेता ती करणे अधिकच गैर आहे. मुलांना हे एका वर्षात कळेल. त्यानंतरची तुकडी कुणी संशय घेऊ नये म्हणून सगळ्यांपुढे होकाराच्या खुणा करील, आणि आजाराचा शोध तर लागणार नाहीच, पण करिअर मार्गदर्शनाचे जे थोडेफार काम होत होते तेही निकामी होईल.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये रोगांच्या चाचपणीची जी दहा तत्त्वे लिहिली, त्यांत एक असे आहे की निदानाची आणि उपचाराची सोय उपलब्ध असली पाहिजे. म्हणून यादी करण्याच्या आधी प्रश्न हा विचारायचा की यादीतल्या मुलाला उद्या सकाळी कुणाकडे पाठवणार. विदर्भासाठीचे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक जिल्हा पातळीवर काम करते आणि किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांत मैत्री क्लिनिक ही सोय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू असून तिथे मराठीतून बोलता येते. किती शाळांच्या सूचनाफलकावर हा क्रमांक लिहिलेला आहे, हे शिक्षण विभागाने एकदा तपासावे. माझ्या पाहण्यातील बहुतेक शाळांत तो नाही, आणि तो लिहायला खडूपलीकडे काही लागत नाही.

माणसे नाहीत म्हणून प्रश्नावलीवर भिस्त ठेवायची, हा युक्तिवाद आपल्याच भागातील अनुभवाला धरून नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. त्यात गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्याविषयी उघडपणे बोलणे, ऐकून घेणे, धीर देणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे ही कामे सोपवली होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते अठरा महिन्यांनंतर २७.२ टक्के झाल्याचे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. राज्य शासनाच्या २०१५ च्या प्रेरणा प्रकल्पातही आशाताईंनी घरोघरी जाऊन शेतकरी कुटुंबांची विचारपूस करण्यावर भर होता. या दोन्ही ठिकाणी जे विचारायचे ते थेट विचारले गेले.

शाळांच्या बाबतीत बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील ‘सेहेर’ हा प्रयोग आम्हा शिक्षकांनी विशेष लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. तिथे काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, साध्या प्रशिक्षणावर तयार झालेल्या समुपदेशकांनी आणि काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी एकच कार्यक्रम राबवला: मनातले लिहून टाकण्यासाठी पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, हवे त्याला एकट्याने बोलण्याची वेळ. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले आणि मुलांमधील नैराश्याची लक्षणे कमी झाली. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. आम्हाला हे ऐकायला कठीण जाते, पण त्यात नवल नाही. गुण देणारा, हजेरी घेणारा, पालकांकडे तक्रार करणारा आणि निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे करणारा माणूस मुलाच्या मनातले ऐकणारा कान एकाच वेळी होऊ शकत नाही. त्यामुळे आणखी एक यादी आमच्यावर सोपवण्यापेक्षा केंद्रातील पाच-सहा शाळांमागे एक समुपदेशक द्यावा, ही मागणी आपण लावून धरायला हवी.

करिअरच्या प्रश्नावलीचा मनाच्या आरोग्याशी काहीच संबंध ठेवू नये, असे मात्र मी म्हणत नाही. निकाल मुलाच्या हाती देताना मार्गदर्शक जे बोलतो त्या बोलण्यात जागा आहे. सगळी उत्तरे नकाराची असतील तर आधी विचारावे की यातली कोणती कामे तू पाहिली आहेस. आयटीआय, कृषी विज्ञान केंद्र, ग्रामीण रुग्णालय, बँकेची शाखा इथे एक-एक फेरी घडवून आणावी आणि मग पुन्हा विचारावे. त्या बोलण्यात जर मूल म्हणाले की ‘मन लागत नाई, झोप येत नाई, काईच करावंसं वाटत नाई’, तर करिअरचा विषय तिथेच थांबवून त्याचे ऐकावे. जीव द्यावासा वाटतो का, असे शांतपणे आणि स्पष्टपणे विचारायलाही घाबरू नये. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही, हे अभ्यासांतून पुरेसे स्पष्ट झाले आहे. उत्तर होय असेल तर मुलाला एकटे सोडू नये, घरच्या विश्वासाच्या माणसाला त्याच दिवशी बोलवावे आणि १४४१६ वर किंवा रुग्णालयाशी संपर्क साधावा.

जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, करिअरच्या प्रश्नावलीची उत्तरे दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरू नयेत असे लेखी आदेश सर्व शाळांना द्यावेत. मानसिक आरोग्याची तपासणी खरोखर करायची असेल, तर ती त्याच कामासाठी तयार केलेल्या प्रश्नावलीने, पालकांची संमती व मुलांची राजीखुशी घेऊन, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाच्या देखरेखीखाली करावी, आणि पुढे बोलायला माणूस नेमल्याशिवाय तिची सुरुवात करू नये. एवढे होण्याला वेळ लागेल हे मी जाणतो. दरम्यान एक गोष्ट आमच्या हातात आहे. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या आमच्याकडे घरातच, कधी खाटेखाली तर कधी चुलीमागच्या फळीवर ठेवलेल्या असतात. कोवळ्या वयातले टोकाचे पाऊल पुष्कळदा क्षणाच्या भरात उचलले जाते, आणि त्या क्षणी औषध हाताशी नसेल तर जीव वाचतो. ही औषधे कुलपात ठेवावीत आणि किल्ली मोठ्या माणसाकडे असावी, हा विषय येत्या पालकसभेच्या विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर घ्यावा, असे मी आमच्या मुख्याध्यापकांना लेखी कळवले आहे. इतर शाळांतील शिक्षकांनीही तसे करावे.

आपला विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ